पावाच्या गाडीचा आरसा

मी एक आरसा आहे. घरातला नव्हे, गाडीचा. पाव पोचवणाऱ्या एका छोट्या गाडीच्या कडेला, चालकाच्या पलीकडच्या बाजूला मी सहा वर्षं होतो. आता एका सरकारी कोठीत फळीवर पडून आहे. अंगाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आहे आणि चिठ्ठीवर माझा नंबर आहे. मुद्देमाल क्रमांक चार.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला उजेडात तिरपं धरून पाहिलं आणि "चालेल" म्हणून खोक्यात ठेवलं, एवढंच.

माझ्या गाडीच्या चालकाला सगळे मामा म्हणत. बेकरीतले भट्टीवाले म्हणत, दुकानदार म्हणत, मालकही म्हणत. माणूस नेकीचा. रोज सकाळी ओल्या कागदाने मला पुसायचा आणि पुसून झालं की माझ्यात बघून मिशीवरून बोट फिरवायचा. "बावीस वर्षं झाली, गाडीला ओरखडा नाही," असं तो येता-जाता सांगायचा. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं.

ओरखडा नाही, हे तितकंसं खरं नव्हतं. गाडी मागे घेताना एकदा बेकरीच्या फाटकाने माझा दांडा मोडला. मामाने मला मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री त्याचा जुना दोस्त. चहा एकाने मागवायचा आणि भांडण दुसऱ्याने काढायचं, अशी त्यांची दोस्ती. मिस्त्रीने बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा कापला, दांड्याभोवती गुंडाळला आणि तीन ठिकाणी ठोकून बसवला. तिसरा खिळा मिळेना, म्हणून त्याने सायकलचा एक बोल्ट कापून घातला.

"नवा घे की लेका," मिस्त्री म्हणाला.

"तुझ्या हातचं नव्यापेक्षा टिकतं," मामा म्हणाला.

त्यानंतर वर्ष गेलं असेल. सकाळचे साडेसात वाजले होते. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा आणि सरळ. मामाची शेवटची खेप होती, हमरस्त्यावरच्या खानावळीची. समोरच्या फळीवरून मालाचा कागद घसरून पायाशी पडला आणि मामा तो उचलायला वाकला. तेवढ्यात गाडी कडेला गेली.

कडेने एक परिचारिका सायकलवरून चालली होती. आठच्या पाळीला. तिला मीच लागलो. मी, माझ्यामागचा दांडा, आणि मग गाडीचा पत्रा. मी तुटून गवतात पडलो आणि ती माझ्यापासून दोन हातांवर.

गाडी पुढे जाऊन थांबली. मागचे लाल दिवे लागले. चालकाचं दार उघडलं, एक पाय खाली आला. मग तो पाय वर गेला, दार लागलं आणि गाडी निघून गेली.

ती शुद्धीवर होती. आधी तिने "अहो, थांबा!" अशी हाक मारली. मग हाक मारणं सोडून दिलं, एका हाताने पोट चाचपलं आणि दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. ती नाडी मोजत होती. थोड्या वेळाने तिने पुन्हा मोजली. तिला काय कळत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या वेळात सात गाड्या गेल्या. एक मोटार हळू झाली. आतली बाई म्हणाली, "अहो, कुणीतरी पडलंय." पुरुष म्हणाला, "नको, नसतं लचांड मागे लागेल. मागचे बघतील." मागच्यांनीही बहुधा तेच म्हटलं असावं.

शेवटी खडीच्या ट्रकचा चालक थांबला. त्याने तिला उचललं तेव्हा तिची बोटं मनगटावरून सुटली होती.

हवालदार आला. त्याने मला उचलून पिशवीत घातलं. गाडी कुणी पाहिली नव्हती, नंबर कुणाला माहीत नव्हता. होतो तो मी.

तिचा नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. तो दर रविवारी ठाण्यात येऊन बसायचा. हवालदार एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, असे आरसे हजारो असतात."

मास्तरांनी मला पिशवीतून काढून उलटं केलं. "आरसे असतील हो," ते म्हणाले. "पण हा पत्रा कुणीतरी हाताने कापलाय. त्याला आपलं काम ओळखू येईल."

मग ते दोघं मला घेऊन हिंडू लागले. गॅरेजमागून गॅरेज. चोविसावं गॅरेज मिस्त्रीचं होतं.

मिस्त्रीने मला हातात घेतलं. त्याचा अंगठा सरळ त्या कापलेल्या बोल्टवर गेला आणि तिथेच थांबला.

"ओळखीचं काम आहे?" हवालदाराने विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. "आठवलं तर कळवा," म्हणाले. "ती दवाखान्यात कामाला होती. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे." राग नाही, आवाज चढवणं नाही. वर्गात धडा संपवावा तसं बोलून ते निघाले.

पुढचं मी कोर्टात ऐकलं, मिस्त्रीच्याच तोंडून. मास्तर येण्याच्या महिनाभर आधी त्याला मामाच्या गाडीला नवा आरसा दिसला होता आणि मामाने "झाडाला घासला" म्हणून सांगितलं होतं. मास्तर येऊन गेले त्या दुपारी मिस्त्री गॅरेज बंद करून थेट बेकरीत गेला.

"मामा, झाड कुठलं?"

मामा खाली बसला. "तुला कळलंय म्हणजे."

"थांबला का नाहीस?"

"थांबलो होतो रे. दार उघडलं होतं. तुझी वहिनी डोळ्यांपुढे आली, पोरं आली. म्हटलं, ती बाई तर गेलीच. आता मी जाऊन काय उपयोग?"

"गेली, हे तू पाहिलंस?"

मामाने तोंड फिरवलं.

"चल माझ्याबरोबर. स्वतःहून सांग."

"तू गप्प बसलास तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"गप्प बसून पाहिलं आज," मिस्त्री म्हणाला. "घास उतरत नाही."

मिस्त्रीने दोन दिवस वाट पाहिली. मामा काही गेला नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्री एकटा ठाण्यात आला, टेबलावर मला पाहिलं आणि म्हणाला, "हे माझं काम आहे. गाडी कुणाची ते लिहून घ्या."

कोर्टात मामा मान खाली घालून उभा असायचा. मिस्त्रीची साक्ष झाली तेव्हाही त्याने वर पाहिलं नाही. मग डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की मार पोटात होता, रक्त आतल्या आत वाहत होतं आणि ती पस्तीस मिनिटं जिवंत होती. दवाखाना अकरा मिनिटांवर. "वेळेवर आणलं असतं तर?" वकिलाने विचारलं. "वाचली असती, असं माझं मत आहे," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मामाने मान वर केली. "पस्तीस?" त्याने विचारलं. त्याने कठड्याला धरलं आणि तो हळूहळू खाली बसला. इतके महिने तो ज्या गोष्टीला धरून उभा होता, ती त्या एका आकड्याने काढून घेतली.

शिक्षा झाली. मिस्त्रीकडे येणारे निम्मे चालक यायचे बंद झाले; दोस्ताला पकडून देणारा म्हणून त्याला नाव पडलं. मामाच्या बायकोने मात्र मिस्त्रीशी बोलणं सोडलं नाही. ती म्हणाली, "भावजी, तुम्ही ओढत का नेलं नाहीत त्यांना, पहिल्याच दिवशी?" हे सगळं मिस्त्री हवालदाराला सांगत होता, एका कामासाठी कोठीत आला होता तेव्हा. आता त्यालाही बरेच दिवस झाले.

मी इथेच आहे. निकाल लागला तरी मला न्यायला कुणी आलं नाही, आणि यावं असं मलाही वाटत नाही. कोठीत माझ्यासारखे बरेच आहेत: फुटलेले दिवे, एक वाकडी नंबराची पाटी, एकच चप्पल. प्रत्येकाच्या मागे एक न थांबलेली गाडी आहे.

मामा वाईट माणूस होता, असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं रोज त्याचा चेहरा पाहिला आहे. त्याने मनाशी ठरवलं की ती मेली, आणि ते ठरवल्यावरच त्याला गाडी चालवता आली. तुमच्यावर तशी वेळ न येवो. आलीच, तर एवढं ऐका: पडलेला माणूस जिवंत आहे की नाही, हे गाडीत बसून कळत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं.