आकाशाचे आढे

मित्रांनो, मान वर केलीत तर मी दिसेन. आमच्या बेटावरच्या मनेआबाचे, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घराचे, मी एक जुने आढे आहे. उगाच नम्रपणा मला जमत नाही. इथे मोठ्यातला मोठा माणूसही वळचणीखाली वाकूनच आत येतो.

मूळचा मी माड. एकही खिळा न ठोकता मला काथ्याने बांधले, दोन्ही पाख्यांवर केवड्याची पाने शाकारली आणि म्हातारे म्हणाले, "हे आपलं आकाश." वळचणी म्हणजे क्षितिज, वाशांमधले चौकोन म्हणजे ताऱ्यांची घरे आणि मी आकाशाचा माथा. तारे माझ्यापर्यंत चढतात आणि मग उतरणीला लागतात. इथे प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली आहे. तारे म्हणजेही आपापल्या जागी बसलेले पूर्वजच, असे आमची माणसे मानतात.

तेवेइया आपल्या लेकीला, ब्वेनाउआला, भर दुपारी माझ्याखाली तारे शिकवी. ती कुळाच्या जागेवर, पूर्वेच्या वळचणीकडे पाठ करून बसे. तिचा काका इयोतेबा चेष्टा करी, "दादा, पोरीची मान मोडेल! दर्यावर काय छप्पर असतं?"

"तू तुझी जाळी वीण," तेवेइया म्हणे.

पुढे इंजिनाच्या होड्या आल्या. माझ्याकडे कोणी बघेना. पाने गळली, मला वाळवी लागली आणि गावात पत्रे घालायच्या गोष्टी सुरू झाल्या. मला फार वाईट वाटले.

अशातच काका-पुतणी मासे धरायला गेली आणि इंजिन बंद पडले. पश्चिमेच्या वाऱ्याने होडी पूर्वेला, उघड्या समुद्रात लोटली. अंधार पडला तरी दोघांचा पत्ता नाही. गाव माझ्याखाली जमले. तेवेइया कुळाच्या जागेवर बसून नुसता वर बघत होता. त्याची ती नजर मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्याला लागली. दोघांना इथेच आणून बसवले. शहाळे तोंडाला लावून इयोतेबा सांगू लागला, "वारा पडला तशी वल्ही घेतली. समोर कृत्तिका दिसल्या. ही म्हणाली, त्या आपल्या घरावर मावळतात, तिकडेच चला. हात तुटेस्तोवर वल्हवलं! पण त्या मेल्या खाली उतरायच्या सोडून वरच चढायला लागल्या. म्हटलं, अगं बाई, तुझं छप्पर उलटं झालं की काय!"

"घाबरले होते, काका," ब्वेनाउआ म्हणाली. "मग डोळे मिटले आणि मनानं इथं येऊन बसले. इथं कृत्तिका माझ्या पाठीमागून उगवतात. मग त्यांच्याकडे पाठ केली. घर समोर आलं." ती तेवेइयाकडे वळली. "बाबा, मग भीतीच गेली. वाटलं, मी बाहेर नाहीच. सगळे पूर्वज आपापल्या जागी बसलेत आणि मी त्यांच्यात."

तेवेइया सगळ्या गावादेखत रडला. आणि मी? अभिमानाने माझा काथ्या तुटायचाच बाकी होता.

मित्रांनो, पाने बदला, काथ्या बदला. वाळवीने पोखरले की मलाही खुशाल चुलीत घाला. पण नवे आढे ह्याच जागी चढवा आणि त्याच्याखाली आपली मुले बसवा. तुमचे कोणीतरी आत्ता समुद्रावर आहे आणि तिथेही ते ह्याच आढ्याखाली बसले आहे.