व्हयसाहेबाची मान

मी कंपनीचा माणूस बोलतोय. खरं तर माणूस नव्हे. लाकडाचं धड, लाखेचं तोंड आणि पोटात पितळी चाकं. पण डोक्यावर हॅट, अंगात कोट आणि ओठावर खऱ्या केसांच्या मिशा, त्यामुळं चार हातांवरून मला पाहून भल्याभल्यांनी नमस्कार ठोकलाय. हसू नका. नमस्कार फुकटचे नसतात, हे मी पुरतं भोगलंय.

एका चहा कंपनीनं मला विलायतेत घडवलं. पाठीतली किल्ली पिळली की माझा उजवा हात कप उचलणार, कप ओठाला लागणार, आणि मान होकारार्थी तीनदा हलणार. चहा फक्कड आहे! बस्स, एवढंच माझं शिक्षण. नकाराचं चाक त्यांनी बसवलंच नाही. नाही म्हणणारा माणूस कंपनीला हवा कशाला? आणि कप मात्र कायम रिकामा. मिटक्या कसल्या मारायच्या, कपाळाच्या?

पेंढ्यात गुंडाळून मी बेळगावच्या स्टेशनावर उतरलो. खडेबाजारातल्या रघुवीररावांनी कंपनीची एजन्सी घेतली होती. मॅट्रिक झालेला, टापटिपीचा गृहस्थ. त्यांनी मला शामूच्या बैलगाडीत बसवलं आणि निपाणीकडच्या गावोगावी चहाचा प्रचार सुरू केला. तेव्हा चहानं पित्त होतं म्हणून लोक नाकं मुरडत. मग मी मान हलवायची आणि लोकांनी फुकटचा चहा चाखायचा.

पोरं डोळ्यात बोट घालून बघायची. कुणी कुंकू लावलं, कुणी मिशी ओढली. तेही सोसलं असतं. पण एका गावात एका म्हाताऱ्यानं गंमत म्हणून विचारलं, "साहेब, माझी म्हस घावंल का?" नेमकी तेव्हाच किल्ली पिळलेली. मी मान हलवली. आणि त्या करंट्या म्हशीला त्याच दिवशी सापडायची बुद्धी झाली!

झालं. देवळात कौल लावतात, तसे लोक मला कौल लावू लागले. पाऊस पडंल का? व्हय. पोरगं पास हुईल का? व्हय. एका बांधावरून भांडणारे दोघे भाऊ एकामागोमाग आले. बांध माझा न्हवं? दोघांनाही व्हय. मग ते माझ्या देखत एकमेकांच्या उरावर बसले. मला सगळे व्हयसाहेब म्हणू लागले. अरे, चाकं आहेत रे पोटात, देव नाही! पण सांगू कसा? रघुवीरराव सांगू शकत होते, पण गर्दी जमते, चहा खपतो, म्हणून ते गालात हसत किल्ली पिळत राहिले.

असेच एका फेरीत आम्ही पुन्हा कोगनोळीला आलो. गाडी नागोजीच्या अंगणात सुटली. त्याची भावजय गुणाबाई तरणीताठी विधवा. शेतात राबायची, गोठा काढायची, वर बोलणी खायची. आमच्या शामूचं आणि तिचं मन जुळलं होतं. दर फेरीला त्याची बैलं तिच्याच दारात नेमकी दमायची, हे मी गाडीतून बघत होतो. दोघांना पाट लावायचा होता, आणि तिच्या जातीत विधवेच्या अशा दुसऱ्या लग्नाला आडकाठीही नव्हती. आडकाठी होती ती नागोजीची. फुकटात राबणारे दोन हात कोण सोडतो? त्यानं पंचांपुढं टूम काढली: उद्या व्हयसाहेबाचा कौल घ्यायचा. लबाडानं माझी मान नीट पाहून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मी आतून नुसता जळत होतो. रघुवीरराव किल्ली तपासत होते आणि मी रिकामा कप तोंडाला लावत होतो. गुणाबाई सगळ्यांना चहा देत आली आणि माझ्यापुढं थांबली.

"पावणा रिकामा कप तोंडाला लावतोय. बरं दिसत न्हाय त्ये," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या कपात गुळाचा दाट चहा ओतला.

रघुवीरराव ओरडेपर्यंत तो माझ्या तोंडातून मानेत आणि मानेतून चाकांत उतरला होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या कपात काहीतरी होतं. काय सांगू तुम्हाला! रघुवीररावांनी वरवर पुसलं आणि काही होत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. गुणाबाई खांबाला धरून उभी, शामू बैलांशेजारी खाली मान घालून. नागोजीनं विचारलं, "गुणाबाईनं पाट लावू नये, जलमभर आमच्याच घरात ऱ्हावं, खरं न्हवं?"

किल्ली फिरली. हात वर गेला. कप ओठाला लागला. मानेत कुरकुर झाली, आणि मान जागची हलली नाही. गूळ रात्रीत दगड झाला होता. रघुवीररावांनी घाम पुसत पुन्हा किल्ली पिळली, तशी आतली स्प्रिंग कट्‌कन तुटली.

"बिघडलंय यंत्र!" नागोजी ओरडला.

तेव्हा पंचांतले भरमूआप्पा सावकाश म्हणाले, "समद्यांना व्हय म्हणत हुतं, तवा बिघडलं न्हवतं व्हय रं?"

पुढल्याच आठवड्यात पाट लागला. कंपनीनं मला मोडीत काढलं आणि रघुवीररावांनी जाता जाता मला शामूच्या पदरात टाकलं. गुणाबाईनं गूळ मायेनं घातला की मुद्दाम, हे मला अजून उमगलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा ती नुसती हसते. वैताग आहे!

आता कोगनोळीच्या रस्त्यावर गुणाबाईचं चहाचं दुकान आहे. मी बाकावर बसलेला असतो. कोट कसरीनं खाल्लाय, मिशी एकच उरलीय. यंदा गोऱ्या साहेबाचं राज्य गेलं, तेव्हा काही पोरं मलाही उचलायला आली. गुणाबाई आडवी आली. "त्यो कुठला साहेब? त्यो आमचा हाय," म्हणाली.

रोज सकाळी पहिला कप ती माझ्यापुढं ठेवते आणि विचारते, "बरा झालाय न्हवं?" मग थोडा वेळ थांबते, खरंच थांबते.

बाबांनो, मी जन्मभर खोट्यानाट्याला माना डोलावल्या. आज खरं उत्तर ओठावर आहे आणि मान हलत नाही. कुणाकडं जुनी स्प्रिंग असेल तर पोटात बसवा, तेलाचा थेंब असेल तर या मानेत सोडा. तिला एकदाच व्हय म्हणायचंय.