एकेचाळिसावा छर्रा

“पाचशे एकाहत्तर! एनिड, लिहिलंस का?”

सकाळी सात वाजता मी झगा घालून शेडच्या दारात वही धरून उभी होते. आत माझा नवरा क्लिफर्ड आपल्या हवेच्या बंदुकीचे छर्रे वेगमापकातून झाडत होता.

“दर वेळी वेग सारखा, तर छर्रा त्याच जागी बसतो. वेग घसरला की खाली जातो.” हे वाक्य मी लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा ऐकलं आहे.

पण आज बोलू दिलं. शेजारच्या म्हाताऱ्या बॅगलेने एकोणीस वर्षांपूर्वी त्याला ससे मारायला कुरणाच्या फाटकाची किल्ली दिली होती. अट एकच: जखमी ससा दिसला की किल्ली परत. म्हातारा गेला. आता मुलगा रॉडनी म्हणत होता, ससे बार्लीचा फडशा पाडताहेत, आज माझ्यासमोर एक तरी मारा, नाहीतर मी पगारी माणूस ठेवतो. पाण्याचे मीटर वाचण्यात जन्म घालवलेल्या क्लिफर्डला त्या कुरणाशिवाय दुसरं काही नव्हतं.

चाळीस छर्रे, शेवटचाही पाचशे एकाहत्तर, वेगात फरक अवघा सेकंदाला सहा फुटांचा! खुशीत त्याने माझा मुका घेतला. आम्ही निघालो.

ससा तीस पावलांवर येऊन निवांत तोंड धुवू लागला. क्लिफर्ड गवतात आडवा झाला, छर्रा बोटांत धरला आणि बंदुकीवरच्या हवेच्या काट्याकडे बघून तसाच थांबला.

“मारा की, क्लिफ!” रॉडनी कुजबुजला.

“हवा उतरलीय. एकदा भरलेल्या हवेवर चाळीसच छर्रे सारख्या वेगाने जातात, ते सकाळी शेडमध्येच झाडून बसलो मी.”

मला हसू दाबता येईना.

“अहो, जवळच तर आहे!” रॉडनी म्हणाला.

“वेगाचा भरवसा नाही. छर्रा जबड्यात बसला तर ससा बिळात दोन दिवस तडफडेल बिचारा.”

“बिळात कोण बघायला जातंय?”

“तुझे वडील गेले असते.”

रॉडनीने मान फिरवली. क्लिफर्ड कण्हत उठला, छर्रा खिशात टाकला आणि किल्ली पुढे केली. रॉडनीने ती घेतली. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. माझ्या त्या गाढवाचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

ससा अजून तोंडच धूत होता.

गाडीत बसल्यावर क्लिफर्डने वही मागितली. पाचशे एकाहत्तरच्या खाली, एकेचाळिसाव्या ओळीत, त्याने नीट अक्षरात लिहिलं: झाडला नाही.