सिंहाला दिलेलं नाव

फिलिपा मॅडमनी पारमुआतच्या मेलेल्या भावाचं नाव एका सिंहाला दिलं, आणि वर पारमुआतने त्याबद्दल आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती.

ते नाव इथे लिहायचं नाही. मासाई माणूस पोरबाळ न होता तरुणपणी गेला, की त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं. घरात, गोठ्यात, कुणाच्याही तोंडी ते परत येत नाही. वस्तीत त्याच नावाचा एक चाळिशीचा गडी होता. त्याने त्याच आठवड्यात आपलं नाव बदललं, आणि त्याची बायको हाक मारताना एकदाही चुकली नाही.

पारमुआत मारा अभयारण्यात फिलिपा मॅडमच्या कॅम्पवर गाडी चालवायचा, पाहुण्यांना जनावरं दाखवायचा. धाकटा भाऊ तिथेच पायी फेरीचा वाटाड्या होता. मे महिन्यात झुडपातून रानरेडा आला, तेव्हा दोन म्हाताऱ्या पाहुण्यांना मागे ढकलून तो भाला घेऊन पुढे उभा राहिला. पाहुणे वाचले. मग जेवणाच्या तंबूत त्याच्या फोटोखाली पितळी फलक लागला, आणि नदीकाठच्या काळ्या आयाळीच्या सिंहाला त्याचं नाव मिळालं.

ते नाव काढा म्हणून सांगायला पारमुआत तीनदा मॅडमकडे गेला. तिसऱ्या वेळी आईच सोबत आली. येयो, म्हणजे आई, कधी कॅम्पची पायरी चढली नव्हती. ती तंबूच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्या बाईला सांग, माझ्या लेकाला झोपू दे."

पारमुआतने सांगितलं. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी येयोचे दोन्ही हात हातात घेतले.

"हा सन्मान आहे, पारमुआत. आमच्याकडे लोकांची नावं इस्पितळांना देतात. तुझा भाऊ अमर झालाय. हळूहळू पटेल त्यांना."

हळूहळू पटेल! जणू औषधच पाजत होत्या.

दिवसभर वायरलेसवर तेच चालायचं. अमका वळणावर झोपलाय, अमक्याने झेब्रा पाडलाय. जिथे 'अमका' तिथे ते नाव. बोलणारे ड्रायव्हर सगळे मासाईच, पण मॅडमचा हुकूम होता. पाहुणे कान लावून बसलेले असत. नाव घेताना प्रत्येकाचा आवाज खाली यायचा. पारमुआतनेही ते दोनदा घेतलं होतं. पोटासाठी घेतलं असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते त्याला पटायचं नाही.

गुरुवारी पाहुण्यांना वस्ती दाखवायची पद्धत. त्या गुरुवारी गाडीत पाचजण होते आणि सकाळीच त्यांना तो सिंह दिसला होता. वाटेत पारमुआतने गाडी थांबवली, मागे वळून हात जोडले. "एकच विनंती. वस्तीत माझी आई आहे. तिच्यासमोर सिंहाचं नाव घेऊ नका."

पाचही माना हलल्या.

येयो फडक्यावर मण्यांच्या माळा मांडून बसली होती. पाहुण्यांमधली निळ्या टोपीची बाई तिच्यासमोर बसली, फोन काढला, सिंहाचा फोटो दाखवला आणि प्रेमाने म्हणाली, "तिला सांग, तिचा मुलगा आम्हाला भेटला. तो याच्यात जिवंत आहे." आणि तिने नाव घेतलं. एकदा नाही, दोनदा. म्हातारीला नीट ऐकू जावं म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने.

बाकीचं सगळं पारमुआतने मासाईत सांगताना फिरवलं असतं. नाव कसं फिरवणार?

येयो रडली नाही. तिने एकेक माळ गोळा केली आणि वाकून घरात गेली. पारमुआत मागोमाग दारापाशी गेला, नेहमीसारखं डोकं पुढे केलं. तिने डोक्यावर हात ठेवला नाही.

"तूही म्हणतोस ना ते, त्या गाडीतल्या पेटीत?"

"येयो, नोकरी आहे..."

"मग नोकरीलाच येयो म्हण. ज्या तोंडात ते नाव फिरतं, त्या तोंडाने मला हाक मारायची नाही."

बाहेर निळ्या टोपीची बाई विचारत होती, "त्या भारावून गेल्या का?"

पारमुआत गाडीत बसला. वायरलेस उचलला आणि मासाई भाषेत बोलला. "ऐका सगळे. मेलेल्या पोराचं नाव आपण पाहुण्यांच्या करमणुकीला विकतोय. मी विकलं, तुम्हीही विकलंत. माझ्या आईने मला दारातून परत पाठवलं. आजपासून तो सिंह मला दिसत नाही. तुम्हाला दिसतो का बोला."

पेटी खरखरली. मग कोइलेल, सगळ्यांत जुना ड्रायव्हर, म्हणाला, "कुठला सिंह रे? माझे डोळे तर कधीचेच गेलेत."

"मलाही नाही दिसला," तिसरा म्हणाला.

त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. भर रस्त्यात आडवा पडलेला असायचा, तरी गाड्या अलीकडूनच वळायच्या. "आज नाही सापडला, साहेब." एकोणीस दिवस असं चाललं.

विसाव्या दिवशी न्याहारीनंतर मॅडमनी सगळ्या ड्रायव्हरांना तंबूत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तो बहुतेक गेला," त्या म्हणाल्या. "पाहुणे रोज विचारतात. मेला म्हटलं की हिरमुसतात. काल एक बाई जेवलीच नाही. लोक इथे आनंदासाठी येतात. आता यापुढे ते नाव कुणीही घ्यायचं नाही. पाहुण्यांना त्रास होतो. तो फलकही उतरवा."

कोइलेल जमिनीकडे बघत ओठ चावत होता. पारमुआतला हसू आलं नाही. येयो याच दारात उभी राहून हेच मागून गेली होती, तेव्हा तिच्या वाट्याला इस्पितळाची गोष्ट आली. एका पाहुणीची ताटली भरलेली परत गेली, तर सगळं एका मिनिटात समजलं.

त्याने स्क्रू काढले, फलक उतरवला, भावाचा फोटो शर्टच्या आत ठेवला.

"समजून घेतल्याबद्दल आभार, पारमुआत," मॅडम म्हणाल्या.

"समजतं ना मॅडम," तो म्हणाला. "पाहुणेसुद्धा माणसंच आहेत."