पेंडीवरचे मासे

आमच्या घरात माशांच्या पिंजऱ्यांचा कारभार सासूकडून सुनेकडे जातो. पहिल्या माझ्या आजेसासूबाई. त्यांच्या जिभेमुळे कामगार त्यांना पाठीमागे 'खारी' म्हणत. भरतीच्या पाण्याबरोबर तळ्यात शिरलेले मासे जाळी लावून अडवावेत आणि वाढवावेत, ही कल्पना त्यांची. दुसऱ्या माझ्या सासूबाई, 'काठी'. त्यांनी तळे सोडून खाडीच्या तोंडाशी समुद्रातच गोल पिंजरे तरंगवले आणि अखेरपर्यंत ताठ पाठीने धक्क्यावर उभ्या राहिल्या. तिसरी मी. मला काय म्हणतात ते माझ्या कानावर घालण्याची छाती अजून कोणाची झालेली नाही. चौथी माझी सून, आणि ही हकिगत तिची आहे. तिच्यात माझा जो वाटा आहे, तो सांगताना मान वर होत नाही.

आजेसासूबाईंनी एक दंडक घालून दिला होता: आपला मासा आपल्या धक्क्यावर चिरायचा नाही. गिऱ्हाइकाने घरी नेऊन खुशाल चिरावा. "जो आपलाच माल फाडून दाखवतो, त्याला आपलीच खात्री नसते," असे त्या म्हणत. आम्ही मासा बाहेरून पारखत असू: डोळ्यातले तेज, खवल्यांची चमक, शेपटीचा फटकारा. मासे मासळीच्या भुकटीवर वाढत होते, तोवर एवढी पारख पुरली.

सून माशांच्या खाद्याचे शिक्षण घेऊन आली होती. एकदा जेवताना तिने विषय काढला.

"आई, आपले मासे पोसायला आपण समुद्रातली बारीक मासळी दळून घालतो. ती दरवर्षी कमी मिळतेय. सोयाबीनची पेंड, मक्याचं प्रथिन, थोडा गहू, असं खाद्य आपल्याच गिरणीत करता येईल."

"पेंड?" माझ्या चिरंजिवांचा घास हातातच राहिला. "मग उद्यापासून पिंजऱ्यावर बादली घेऊन जाऊ का? धार काढायला?"

"जा की. तेवढं तरी काम होईल तुझ्या हातून," सून म्हणाली.

मी हसू दाबले. कल्पना मला पटली होती. खाडीत हे पहिल्यांदा आमच्याकडे होईल, हे तर अधिकच पटले होते.

"पण आई, त्यात एक पांढरी पूड घालावी लागेल. टॉरिन म्हणतात. मासळीच्या भुकटीत ते असतंच, पेंडीत नसतं. गोड्या पाण्यातले बरेच मासे ते अंगात तयार करतात, आपल्या समुद्रातल्या माशांना ते पुरेसं जमत नाही. आणि अधूनमधून दोन-चार मासे चिरून आतून बघायचे."

"पेंड चालेल," मी म्हणाले. "चिरणं नाही. आणि औषधावर जगणारा मासा या घरातून आजवर गेलेला नाही, यापुढेही जायचा नाही."

"ते औषध नाहीये हो. जसं आपल्या जेवणात..."

"सूनबाई, मी ऐकलं."

आमच्या घरात या तीन शब्दांनंतर कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गिरणीत गेले आणि गिरणीवाल्याला बजावले की पुडीची पोती आली तरी कोपऱ्यात राहतील, खाद्यात जाणार नाहीत. सुनेने पुढे आणखी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी ऐकले.

मासे वाढले. वाढ थोडी मंदावली होती, पण मी पाण्याच्या गारव्याला बोल लावला. खवले चमकत होते. पाहुणे येत, आणि मी त्यांना पेंडीचे दाणे तळहातावर घेऊन दाखवी.

त्याच सुमारास खाडीपलीकडच्या ताईंचा निरोप आला. वादळात त्यांच्या पिंजऱ्याचे जाळे फाटले होते आणि पैदाशीचे सगळे मासे समुद्रात निघून गेले होते. वीण जवळ येत होती. मोठे, निरोगी नर-माद्या मिळाले नाहीत, तर त्यांच्याकडे नवे पिलू दिसणार नव्हते. हे मासे त्या उपकार म्हणून मागत नव्हत्या. एके वर्षी खाडीत विषारी लाल पाणी शिरले आणि आमचा एकूण एक मासा पोट वर करून तरंगला, तेव्हा त्यांनी न बोलावता होडीतून टाक्या आणून आपले पैदाशीचे मासे आमच्या पाण्यात सोडले होते. "माझी वेळ आली की असेच द्या," एवढेच म्हणाल्या होत्या. आज आमचे जे काही आहे, ते त्या माशांचे आहे.

मी उलट निरोप धाडला: हवे ते निवडून न्या.

ताई आल्या. त्यांच्या आवाजामुळे खाडीभर त्यांना 'तोफ' म्हणतात.

"काय वहिनी, तुमचे मासे शाकाहारी झाले म्हणे! आता उपास-तापास पण धरतात का?"

धक्क्यावरचे सगळे हसले, मीही हसले. त्यांनी निवडलेले मासे टाकीत घेतले. मग त्यातला एक काढून फळीवर ठेवला आणि कमरेचा सुरा उपसला. आतून पाहिल्याशिवाय पैदाशीचा मासा घ्यायचा नाही, ही त्यांची रीत.

"ताई, या धक्क्यावर..."

"मासा आता माझा आहे ना? मग."

त्यांनी पोट उघडले. कल्ल्यांच्या आत लाली हवी, तिथे फिकट गुलाबी झाक होती. आणि जे यकृत तांबूस तपकिरी असते, ते खडकावरच्या शेवाळासारखे हिरवे होते. ताईंनी दुसरा मासा उघडला. तोही तसाच.

धक्क्यावरची माणसे फळीभोवती गोळा झाली.

"ही अक्कल कोणाची?" ताईंनी विचारले.

माझे बोट उठले. विचार करून उठले असे मी म्हणणार नाही, पण उठले, आणि ते माझेच होते. "सूनबाईंची. पेंड त्यांनीच आणली."

सून बर्फाची टोपली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. गिरणीवाल्याने मान खाली घालून पायातल्या चपला न्याहाळल्या. पुडीचे काय झाले, हे आमच्या प्रत्येक कामगाराला ठाऊक होते.

"हो ताई," ती म्हणाली, "पेंड मी आणली."

त्यात जेवढे खरे होते, तेवढेच ती बोलली. उरलेले तिने माझ्यासाठी ठेवले, आणि मी ते उचलले नाही.

ताई रिकाम्या टाक्या घेऊन परतल्या. "वीण लागेपर्यंत थांबते, वहिनी. आजारी मासे घेऊन मी काय करू?"

दुपारी सून माझ्या खोलीच्या दारात आली. भांडायला आली असती, तर मला सोपे गेले असते.

"पूड नसली की रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, आणि त्यातून निघणारा हिरवा रंग यकृतात साठतो. मासे अजून सावरतील. घालू का?"

घालू का! एवढे झाल्यावर ती माझी परवानगी मागत होती. मी होकाराची मान हलवली.

पूड खाद्यात जाऊ लागली. "बाईसाहेब, आधी का नव्हती घातली असं कोणी विचारलं तर काय सांगू?" गिरणीवाल्याने भोळेपणाने विचारले. तो भोळा नाही. "कामं करा," मी म्हणाले.

खाडीभर माझ्या सुनेचे नाव 'पेंडवाली' पडले. बर्फाच्या कारखान्यात, जाळ्यांच्या दुकानात. शेजारच्या पिंजऱ्यांवर तिचा सल्ला घेत असत, ते थांबले. एकाने तर तोंडावर सांगितले, "तुम्ही तुमच्या सासूबाईंचे मासे बिघडवलेत, आमचे राहू द्या." हे तिने घरी सांगितले नाही. चिरंजिवांनी सांगितले, आणि ते सांगताना त्यांना विनोद सुचला नाही. मी पानावरून उठून गेले. नातवंडांना रागवताना मी म्हणत असे की खोटे बोलणाऱ्याची जीभ झडते. माझी शाबूत होती, पण खरे बोलायला वळत नव्हती.

सून आता धक्क्यावर मासे चिरत असे. मी काही बोलत नसे. सुरुवातीला यकृते हिरवीच निघाली, मग त्यांच्या कडा तपकिरी झाल्या, आणि कल्ल्यांत रक्ताची लाली परतली. पेंड तीच होती. तिच्यात जे नव्हते, ते आता जात होते. एके सकाळी सुनेने चिरलेला मासा फळीवर माझ्यासमोर सरकवला. यकृत मातीच्या नव्या घागरीसारखे तांबूस होते.

"द्यायला हरकत नाही आता," ती म्हणाली.

"होडी काढा," मी म्हणाले. "तुम्हीही चला."

टाक्या भरून आम्ही पलीकडे गेलो. ताईंनी रीतीप्रमाणे एक मासा निवडून उघडला, आत पाहिले आणि मान डोलावली. त्यांची माणसे टाक्यांकडे वळली.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "ताई, मासे घेण्याआधी ऐका. सगळ्यांनीच ऐका. त्या दिवशी मी सुनेकडे बोट दाखवलं. पूड घालायला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मासे चिरून बघा, असंही सांगितलं होतं. दोन्ही मी बंद केलं. मासे मी बिघडवले. सावरले तिने."

ताईंनी सुरा पुसला.

"मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. तुमच्या धक्क्यावर तुमच्या हुकुमाशिवाय माशी बसत नाही. पूड आपोआप कशी राहून जाईल?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला? ते माझं देणं नव्हतं."

त्यांनी सुनेकडे पाहिले. मीही वळले. माझ्या सासूबाईंनी मला आणि त्यांच्या सासूबाईंनी त्यांना जे कधी म्हटले नाही, ते म्हणायला शब्द शोधावे लागत होते. ते साधेच निघाले.

"मी चुकले, सूनबाई."

तिचे डोळे भरून आले. "अहो आई, मासे तापतील," ती म्हणाली आणि टाकीची कडी धरली. मी दुसरी कडी धरली. माझ्या वयाला न शोभणारे ते काम मी अखेरच्या टाकीपर्यंत केले. एकेक मासा ताईंच्या पाण्यात उतरला, शेपटीचा फटकारा मारून खोल गेला.

ताईंनी रिकाम्या टाक्या विसळून आमच्या होडीत ठेवल्या.

"फिटलं, वहिनी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आता माझं काही उरलं नाही."