मला थोपटणारा शफी

मी मालमोटारीचा भोंगा बोलतोय. बोलतोय खरा, पण आता आवाज पार बसलाय, तेव्हा जरा जवळ सरकून ऐका.

माझं तोंड पितळेचं, मानेला एक वेटोळं आणि शेपटीला काळा रबरी फुगा. फुगा दाबला की 'पों' असा खणखणीत आवाज निघे. जुन्नरच्या जवरीलाल शेठनी मला पुण्याहून आणलं आणि आपल्या मालमोटारीला, ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी बसवलं. शेठ हिरड्याचे व्यापारी. शिनोलीकडून हिरड्याची पोती भरायची आणि घोडेगाव, मंचर, कळंब करत जुन्नरला आणायची, हा आमचा रोजचा रस्ता.

माझं काम झोपलेल्यांना उठवण्याचं. त्या रस्त्यावर गाडीवान बैलांच्या भरवशावर खुशाल झोपत. मागून मी ओरडलो की दचकून उठत, गाडी कडेला घेत आणि आम्हाला चार शिव्या देत. शिव्या ऐकल्या की मला काम झाल्यासारखं वाटे.

आमचा ड्रायव्हर शफी. हात असा हलका की भरल्या मोटारीत पाण्याचा तांब्या ठेवला तरी थेंब सांडू नये. संध्याकाळी मोटार दुकानापुढे उभी केली की तो मला सोडवून घरी नेई, कारण पितळेवर चोरांचा फार जीव. घरी मी खुंटीवर टांगलेला असे. शफी, त्याची बायको हसीना आणि मी, असं आमचं तीन जणांचं कुटुंब होतं.

मग दिलशाद जन्मली आणि माझा तोरा उतरला. एवढंसं लेकरू, पण आवाज? मला फुगा लागतो, तिला काहीच लागत नव्हतं. दिवसा ही बाई गाढ झोपे आणि दिवे मालवले की तिचा दिवस उजाडे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण हसीनाची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली आणि शफीलाही आई नव्हती. शेजारच्या अमिरुन्निसा दिवसा येऊन बाळबाळंतिणीचं करत. रात्र उरे दोघांना. पहिली अर्धी रात्र हसीना जागे, उरलेली शफी. त्यानं एक युक्ती काढली होती. बाजेवर पडायचं, झोळीची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय खालीवर करत राहायचं. बाजूला हात घालून लेकीला थोपटायचं आणि पुटपुटायचं, "सो जा बेटा, सो जा." तरीही तिनं भोकाड पसरलंच, तर दोरी सोडून तो दोन्ही पाय धाडकन जमिनीवर आपटून उठे. शेवटी शेवटी तर हे सगळं तो झोपेतच करी.

सहाव्या दिवसाची छट्टी झाली आणि शफी कामावर परतला. डोळे लालभडक. पहिल्याच दिवशी त्यानं मोटार चालू करायला हँडल मारलं आणि तो हँडलवरच डोकं टेकून उभा राहिला. शेठच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"शफी, तुझ्या सुट्टीत मंचरचा माणूस गाडी चालवत होता, तो अजून रिकामा आहे," शेठ म्हणाले. "उद्या मी तुझ्या शेजारी बसणार. तुझा डोळा लागलेला दिसला, तर गाडी त्याची."

"न्हाई लागायचा शेठ," शफी म्हणाला. पण हे म्हणताना त्याला मोठी जांभई आली. मला फार वाईट वाटलं. मोटारीशिवाय शफीला दुसरं काही येत नव्हतं आणि घरी आता एक तोंड वाढलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठ मांडीखाली रिकामं पोतं घेऊन ऐटीत बसले. जाताना सगळं ठीक झालं. येताना पोती भरलेली, ऊन तापलेलं, मोटारीची एकसुरी घरघर. मंचर मागे पडलं आणि शफीचा उजवा पाय हलायला लागला.

खालीवर, खालीवर. त्या पायाखाली झोळीची दोरी नव्हती, मोटारीची रेस होती. मोटार पुढे झुके, मागे रेले, पुन्हा झुके. इतका सुंदर झोका मी जन्मात पाहिला नव्हता. शफीवर पहारा करायला बसलेले शेठ दारावर पोत्याची उशी करून घोरू लागले.

तेवढ्यात कळंबच्या अलीकडे समोर बैलगाडी दिसली. गाडीवानाची मान छातीवर. मागे एक म्हातारी पाठमोरी बसलेली आणि तिच्या खांद्यावरून एक तान्हं पोर आमच्याकडे टकामका बघत होतं.

भोंग्यांची मोठी अडचण ही, की कोणी दाबल्याशिवाय कंठ फुटत नाही. एवढ्यात शफीचा हात माझ्याकडे आला. सुटलो, म्हटलं. फुगा ताठ करून मी तयार झालो. शफीनं मला हळूच थोपटलं.

"सो जा बेटा," तो म्हणाला.

मी गप्प. मोटार पुढे. मी शफीचं, शेठचं, त्या पोराचं, सगळ्यांचं सरलं असं धरून चाललो. पण मोटारीचं थोबाड एवढं जवळ आलेलं बघून त्या पोरानं टाहो फोडला.

शफीचे दोन्ही पाय उचलले गेले आणि धाडकन खाली आले. डावा क्लचवर पडला, उजवा ब्रेकवर. मोटार गचका खाऊन थांबली आणि शेठ दचकून जागे झाले. गाडीचं लाकूड आमच्यापासून हातभर अंतरावर होतं.

शफी उतरला. म्हातारीच्या खांद्यावरच्या पोराला त्यानं नीट पाहिलं आणि तो परत आला. मला सोडवलं आणि शेठच्या हातात ठेवलं.

"माझा डोळा लागला व्हता शेठ. दुसरा माणूस बघा. माझ्या हातून आज लेकरू गेलं असतं."

म्हातारीचं नाव चिमाबाई. ती खाली उतरून शेठकडे निरखून बघत म्हणाली, "त्याला काय बोलणार तुमी? तुमच्या गालावर पोत्याचं वळ उठल्यात. गाडी हाकणारा माझा सावळारामबी झोपलाच व्हता. बैलं तेवढी जागी व्हती." मग शफीकडे वळली. "घरी तान्हं हाय न्हवं? डोळंच सांगत्यात. निज आधी."

शेठनी गालावरून हात फिरवला. मोटारीतलं पोतं काढून आंब्याखाली अंथरलं आणि शफीला म्हणाले, "पड." शफी पडला तो दगडासारखा. शेठ उशाशी मला मांडीवर घेऊन बसले आणि माश्या हाकत राहिले. रस्त्यानं दुसरी मोटार ओरडत आली तेव्हा शेठ, जुन्नरचे एवढे मोठे व्यापारी, धोतर सावरत रस्त्यात धावले आणि त्यांनी तिला हातानं गप्प राहायला सांगितलं.

शफी उठला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. शेठ म्हणाले, "पोरगी रात्रभर झोपायला लागेपर्यंत एक दिवस तू, एक दिवस मंचरवाला. झोप आली की गाडी थांबवायची. हिरडा काय नासत नाही." शफीनं मला पुन्हा जागेवर बसवलं. त्याला रडू आलं होतं, ते त्यानं माझ्याकडे तोंड करून आवरलं.

आता नव्या मोटारीला विजेचा हॉर्न आलाय. माझा फुगा चिरलाय आणि मी कायमचा शफीच्या घरी खुंटीवर आहे. दिलशाद शाळेतून आली की मला दाबून बघते आणि 'फुस्स' ऐकून हसते.

जन्मभर मी लोकांची झोप मोडली, म्हणून माझं ऐका. रस्त्याकडेला झाडाखाली एखादा ड्रायव्हर झोपलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणू नका आणि भोंगा वाजवू नका. त्याच्या घरी कदाचित कोणी नवीन आलं असेल.