हैफाबाईंच्या नावाने

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात, गुरुवारी दुपारी उम्म लैथ, म्हणजे लैथची आई, आपल्या घरी द्राक्षाच्या पानांत भात भरत बसल्या होत्या. शुक्रवारी मुलाकडची वडीलधारी मंडळी धाकट्या लेकीला, शझाला, रीतसर मागणी घालायला येणार होती. तेवढ्यात मुलाच्या आत्याचा फोन आला.

"नशिबात नाही असं दिसतंय, उम्म लैथ. वाईट वाटून घेऊ नका. आणि पोरीला जपा. तिची झोप होऊ देत जा नीट."

शझाला लहानपणी फिट्स येत. गोळ्या सुरू होत्या, कित्येक वर्षांत त्रास नव्हता. झोपेचं पथ्य घरच्यांना आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनाच ठाऊक होतं.

"मी त्याला स्वतः सांगणार होते," शझा थोरल्या बहिणीला, रुदैनाला, म्हणाली. "या आठवड्यातच. माझ्या तोंडून कळलं असतं तर थांबला असता कदाचित."

त्याच इस्पितळाचा संगणक विभाग रुदैना सांभाळत होती.

आमच्याकडे सोयरीक ठरण्याआधी मुलीची 'विचारपूस' करतात. पूर्वी शेजारणींकडे करत, आता इस्पितळात कोण ओळखीचं आहे ते बघतात आणि तिची फाइल उघडवून घेतात. याला चोरी म्हणायची कुणाची छाती होत नाही. उलट, नातेवाइकाला नाही म्हणणारा माणूसच माणूसघाणा ठरतो.

रविवारी रुदैनाने शझाची फाइल कुणी उघडली ते तपासलं. पडद्यावर नाव आलं, हैफा. हैफाबाई या इस्पितळातल्या मुख्य परिचारिका, आणि त्यांना वारून दोन वर्षं झाली होती. त्यांचं खातं बंद करणं म्हणजे माउलीचा अपमान, असं म्हणून वॉर्डातल्या बायकांनी ते तसंच ठेवलं होतं, आणि त्यांचा पासवर्ड झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. त्यात हैफाबाईंना सगळ्याच फाइली उघडायची मुभा होती. म्हणजे ज्याला वाटेल त्याने मेलेल्या बाईच्या नावाने कुणाच्याही घरात डोकवावं.

ती संचालकांकडे गेली.

"कुणाला धरायचं मग?" त्यांनी शांतपणे विचारलं. "हैफाबाईंना?"

"साहेब, चौकशी तरी लावा."

"अगं, निम्मं इस्पितळ एकमेकांचं पाहुणं आहे. घरगुती गोष्ट आहे, घरातच राहू दे. कुलपं घालायची तर घाल, तिथे मी आडवा येत नाही."

तिने कुलपं घातली. कोणाला काय बघायची मुभा आहे ते एकेक नाव घेऊन तपासलं, हैफाबाईंचं खातं बंद केलं, सामायिक पासवर्ड मोडीत काढले. आजारांच्या नोंदी सांकेतिक करून टाकल्या. त्या उलगडायची किल्ली आता उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेच होती, खुद्द रुदैनालाही त्या वाचता येत नव्हत्या. वॉर्डातल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकदा फुटलेली गोष्ट मात्र कुलपाने परत आत जात नाही. शझाला नंतर कुणी मागणी घातली नाही.

वर्षभराने भावाचं, लैथचं, एका मुलीवर मन बसलं. चहा ओतता ओतता आईने विषय काढला.

"तुझ्याच इस्पितळात जातात ती माणसं. बघ ना जरा. कुणाला कळतंय?"

"मला दिसत नाही, यम्मा. आणि दिसत असतं तरी बघितलं नसतं."

"एवढं शहाणपण!" आईचा आवाज चिरला. "माझ्या पोरीच्या वेळी कुठे होतं गं तुझं कुलूप?"

शझा दारातच ताटली हातात घेऊन उभी होती.

"यम्मा," ती म्हणाली, "लैथला त्या मुलीलाच विचारू दे ना. माझ्यासारखं नको करू तिचं."

आईने तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि फोन उचलला. शहरात दुसरंही एक इस्पितळ होतं आणि तिथे मावसभावाची सून कामाला होती. रुदैनाची मुभा तिथे चालत नव्हती, तिची किल्ली तिथे लागत नव्हती. आईने आधी सुनेच्या मुलाबाळांची खुशाली विचारली. मग ती सावकाश, नीट ऐकू जाईल अशा आवाजात, त्या मुलीचं आणि तिच्या वडिलांचं नाव सांगू लागली.